घडी पडलेलं चालेल, खोटं नको!

मुलाने कलेक्टर व्हावं, हे आपल्याकडच्या तमाम आईबाबांचं जुनं स्वप्न. जिल्ह्याचं नाही जमलं? नो टेन्शन! शंभर वर्षांहून जुन्या बेसबॉल कार्डांचं कलेक्टर तर होता येतं. तेही पगारात भागवून आणि रूममेटच्या शिव्या न खाता. फक्त फंडा क्लीअर हवा.

५७ कोटी रुपयांत काय काय येईल, असा टाइमपास हिशेब ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये कधी केलाय? पुण्या-मुंबईत चार-पाच पॉश फ्लॅट, दाराशी एक जर्मन गाडी आणि वर जन्मभर पुरतील इतक्या गोवा ट्रिपा! ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत कुणीतरी साधारण एवढ्याच पैशांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला. क्रेडिट कार्डच्या जेमतेम निम्म्या आकाराचा. एका बाजूला बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला सिगारेटची जाहिरात. किंमत ७२ लाख ५० हजार डॉलर!

आणि खरी गंमत पुढेच आहे. जुन्या कार्डांची अवस्था तपासून त्यांना दहापैकी मार्क दिले जातात. या कार्डाला किती होते? दोन! म्हणजे आपल्या भाषेत सरळ नापास.

बारा तेराच्या भावात हजारो कार्डं पडलेली असताना, दहापैकी दोन मार्कांच्या कार्डासाठी एवढा जीव का टाकायचा? हे एकदा समजलं की या हटके छंदाचं अर्धं गणित सुटतं. चला तर मग, पहिल्यापासून बघू या.

सिगारेट मोडू नये म्हणून...

लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं किंवा वेफर्सच्या पाकिटातले टॅझो जमवलेत ना? या सगळ्यांचे पणजोबा म्हणजे सिगारेट कार्डं. १८८०च्या दशकात अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणाचं सिगारेट वळायचं यंत्र आलं आणि हाताने वळायचा जमाना मागे पडला. जेम्स ड्यूक या तंबाखूच्या व्यापाऱ्याने ते यंत्र उचललं आणि धडाधड माल काढायला सुरुवात केली. पाकिटं तेव्हा मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालायचे. तो तरी कोरा कशाला सोडायचा? मग त्यावर नट्या आल्या, राजे आले, पक्षी आले, झेंडे आले. आणि अर्थातच बेसबॉलपटू! 'ओल्ड जज' या ब्रॅण्डने १८८६ ते १८९० या काळात खेळाडूंच्या फोटोंची कार्डं काढली, ती आजही कलेक्टर मंडळींच्या गळ्यातला ताईत आहेत.

१८९० मध्ये ड्यूकने बड्या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' उभी केली. स्पर्धाच संपली, मग गिऱ्हाइकाला फुकट चित्रं कोण वाटणार? कार्डं जवळजवळ बंद पडली. पुन्हा जोरात आली ती १९०९ मध्ये. पण मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मक्तेदारीच्या मुद्द्यावर ही कंपनी फोडायचा हुकूम दिला. मधल्या त्या दोन-तीन वर्षांत जे छापलं गेलं, त्याचीच आज सगळ्यात मोठी क्रेझ आहे.

याचं आपल्याशी काही नातं? आहे की! इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची ५० कार्डं काढली, त्यात आपले रणजी आहेत. आणि १९०२ मध्ये ड्यूकची कंपनी आणि ब्रिटनची इम्पीरियल टोबॅको यांनी भांडण मिटवून 'ब्रिटिश अमेरिकन टोबॅको' काढली. तिच्याच कुळातली कंपनी १९१० मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. तिचं आजचं नाव आयटीसी. १९९६चा विल्स वर्ल्ड कप आठवत नसेल तर दादाला विचारा!

भेटा 'मॉन्स्टर'ला

सुरुवात करणाऱ्याने एकच नाव पाठ करायचं : टी-२०६. १९०९ ते १९११ या काळात निघालेला हा संच. पांढरी किनार, मधे रंगीत लिथोग्राफ, खाली तपकिरी अक्षरांत खेळाडूचं आडनाव आणि टीम. एकूण कार्डं ५२४. म्हणूनच याचं लाडाचं नाव 'द मॉन्स्टर'. मागच्या बाजूला पिडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, पोलर बेअर अशा सोळा ब्रॅण्डांपैकी एकाची जाहिरात.

त्या काळचे बहुतेक सगळे सुपरस्टार यात भेटतात. बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये १९३६ साली पहिल्यांदा पाच जण निवडले गेले. त्यातले टाय कॉब, होनस वॅग्नर, ख्रिस्ती मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन असे चौघं या एकाच संचात आहेत. पाचवा बेब रूथ. तो मोठ्या लीगमध्ये आला १९१४ साली, म्हणून हुकला.

५७ कोटींचं ते कार्ड यातल्याच वॅग्नरचं. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला चपळ फिल्डर. बॅटिंगमध्येही त्याने नॅशनल लीगची सरासरी आठ वेळा गाजवली. त्याचं कार्ड थोडंसं छापून थांबवलं गेलं. कुणी म्हणतं, पोरांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घ्याव्यात हे त्याला पटलं नाही. कुणी म्हणतं, मानधनावरून बिनसलं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे वाद अजून चालू आहे. कारण काहीही असो, आज जगात त्याची साधारण पन्नास ते साठ कार्डंच माहीत आहेत. घडी पडलेलं असो, कोपरे झिजलेले असोत, ते खरं वॅग्नर आहे ना? मग विषय संपला! दोन मार्कांना ५७ कोटी मिळाले ते त्यामुळे.

चकचकीत वॅग्नरची ष्टोरी

आता दुसरा वॅग्नर बघा. हा टी-२०६ मधला सगळ्यात देखणा समजला जायचा. कोपरे टोकदार, कडा सरळ. १९८५ मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या डीलरने तो २५ हजार डॉलरला घेतला. १९९१ मध्ये आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की आणि त्याचा पार्टनर ब्रूस मॅकनॉल यांनी तो लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला उचलला. कार्डांना मार्क देणारी 'पीएसए' ही कंपनी त्याच वर्षी सुरू झाली आणि तिने तपासलेलं पहिलंवहिलं कार्डही हेच. मार्क दहापैकी आठ! २००७ मध्ये किंमत २८ लाख डॉलरवर गेली.

आणि २०१३ मध्ये मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. लिलावातल्या फसवणुकीच्या प्रकरणात त्याला २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणजे बघा, आठ मार्कांचं कार्ड कात्री लावलेलं निघालं आणि दोन मार्कांचं अस्सल. नव्या कलेक्टरने मनावर कोरून ठेवावं असं यापेक्षा मोठं उदाहरण नाही. शंभर वर्षांपूर्वी ही कार्डं पोरांच्या खिशात कोंबली जायची, वहीत चिकटवली जायची, खेळात जिंकली-हरली जायची. त्यामुळे घडी, डाग, झिजलेला कोपरा हे त्यांचं वय आहे. बिचकायचं ते भलत्याच तरुण दिसणाऱ्या कार्डाला!

खिसा बघून खेळा

आता तुमच्या-आमच्या बजेटचं. फारसं नाव नसलेल्या खेळाडूचं, कोपरे गोल झालेलं, एखादी घडी पडलेलं अस्सल टी-२०६ शंभर डॉलरच्या आत मिळतं. म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. एका ब्रॅण्डेड बुटांच्या जोडीच्या पैशांत १९१० सालची वस्तू हातात! टाय कॉबसारख्या हीरोने मात्र फाटक्या अवस्थेतही हजार डॉलर कधीच ओलांडलेत. ५२४ कार्डं पुरी करायचा पण लगेच करू नका. एक छोटी वाट धरा.

एक टीम धरा. शिकागो कब्ज घ्या ना! १९०८ची वर्ल्ड सीरिज जिंकणारे टिंकर, एव्हर्स आणि चान्स हे त्रिकूट या संचात आहे. त्यानंतर कब्जना पुढचं विजेतेपद मिळायला २०१६ उजाडलं. १०८ वर्षं! आयपीएलमध्ये वर्षानुवर्षं 'ई साला कप नमदे' ऐकलेल्यांना ही वेदना लगेच कळेल.

मागची बाजू जमवा. खेळाडू कुणीही असो, प्रत्येक ब्रॅण्डचं एक कार्ड. पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल सगळीकडे मिळतात. ड्रम, उझिट, लेनॉक्स मात्र घाम फोडतात. आणि हो, या सोळांत एका ब्रॅण्डचं नाव चक्क 'हिंदू' आहे! त्या काळी अमेरिकेत पूर्वेकडच्या तंबाखूची फॅशन होती, म्हणून मेक्का, हसन, टर्की रेड अशी नावं सर्रास दिली जायची. त्यातलंच हे एक. तपकिरी अक्षरांतलं 'हिंदू' शोधलं की सापडतं, लाल अक्षरांतलं फार दुर्मिळ.

छोट्या गावांचे हीरो शोधा. संचातली ४८ कार्डं दक्षिणेकडच्या छोट्या लीगच्या खेळाडूंची आहेत. आपल्याकडे रणजी ट्रॉफीतला एखादा गुणी पण विस्मरणात गेलेला बॅट्समन असावा, तशी ही माणसं. किंमत थोडी जास्त पडते, पण गोष्टी भन्नाट.

भावंडांकडेही बघा. १९११ची सोनेरी किनारीची टी-२०५ दिसायला सॉलिड. पण ती सोनेरी कड पटकन टवके सोडते, त्यामुळे चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण. १९१२ची टी-२०७ गडद तपकिरी पार्श्वभूमीची आहे. ती सगळ्यांनाच आवडते असं नाही, आवडली तर मजाच.

खरं की डुप्लिकेट?

टी-२०६च्या नकला पोत्याने छापल्या गेल्यात. काहींवर 'रिप्रिंट' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. काही चहात बुडवून, भट्टीत शेकून म्हातारी केलेली असतात! ओळखायचं कसं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसं. खालच्या नावाची अक्षरं बघा. अस्सल कार्डात ती अखंड शाईची दिसतात. आजच्या छपाईत ती बारीक बारीक ठिपक्यांनी बनलेली असतात. हा एक फरक कळला तरी निम्म्या नकला बाद.

नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. आजच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे ते निळसर चमकतात. १९१० साली ही रसायनं नव्हती. चमकलं तर कार्ड नवं समजा. चमकलं नाही म्हणून जुनंच, असं मात्र नाही. काही नकला साध्या कागदावरही छापतात.

मापही घ्या. साधारण ३.७ बाय ६.७ सेंटिमीटर. पण इथे घाई नको. कारखान्यातच कटिंग कमी-जास्त व्हायचं आणि 'अमेरिकन ब्यूटी' ब्रॅण्डची कार्डं तर मुळातच थोडी अरुंद आहेत. 'कापलंय, कापलंय' असा गलका करण्याआधी पाठ बघा!

आणि पाचशे डॉलरला वॅग्नर देणारा कुणी भेटला, तर त्याला नमस्कार करून निघा. मग त्याच्या आजोबांच्या माळ्याची ष्टोरी कितीही इमोशनल असो.

प्लास्टिकमधले मार्क

हे सगळं घरबसल्या दुसऱ्याच्या फोटोवरून कळणार कसं? बरोबर प्रश्न. म्हणूनच पहिली दोन-चार कार्डं ग्रेडिंग झालेलीच घ्या. पीएसए आणि एसजीसी ही त्यातली प्रमुख नावं. ते कार्ड तपासून, मार्क देऊन, कडक प्लास्टिकच्या पेटीत सील करतात. त्या पेटीला म्हणतात 'स्लॅब'. स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पडताळा, कारण डुप्लिकेट स्लॅबही निघालेत.

काही स्लॅबवर आकड्याऐवजी 'ऑथेंटिक' लिहिलेलं असतं. म्हणजे कार्ड खरं, पण कडा कापल्यात, रंग भरलाय किंवा तसंच काही झालंय. हे उघडपणे सांगितलेलं असतं, म्हणून भावही कमी. मोठा हीरो कमी पैशांत हवा असेल तर हा रस्ता वाईट नाही. मास्ट्रोच्या वॅग्नरमधला गुन्हा कापण्याइतकाच लपवण्याचाही होता, हे विसरू नका.

मार्कांच्या मागे किती धावायचं? एक-दोन मार्कांचं कार्ड आणि पाच-सहा मार्कांचं कार्ड यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. चित्र तेच, खेळाडू तोच. त्यामुळे चेहरा स्वच्छ दिसतोय आणि मार्क कमी आहेत, असं कार्ड शोधा. मागच्या बाजूला वहीचा डिंक लागून कागद निघालेला असला की मार्क धडाधड कापले जातात, पुढून मात्र कार्ड मस्त दिसतं. हुशार कलेक्टर तिथेच डाव साधतात.

खरेदी आणि मग पावसाळा

ईबेवर विक्रेत्याने मागितलेल्या किमतीकडे लक्ष देऊ नका. विकल्या गेलेल्या मालाची यादी उघडा आणि तशाच कार्डाला गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्षात काय मिळालं ते बघा. मोठी खरेदी असेल तर हेरिटेज किंवा रॉबर्ट एडवर्ड यांसारखे लिलाव आहेत, पण तिथे बोलीवर वेगळं कमिशन लागतं. कुरिअर, विमा आणि कस्टम्स ड्युटी धरूनच बजेट करा. किंमत कमी दाखवून मागवायचं डोक्यातही आणू नका. पार्सल हरवलं तर भरपाईसुद्धा त्याच कमी किमतीची मिळेल. आणि ऑनसाइटला जाताय का? तर तिथल्या एखाद्या कार्ड शोमध्ये वीकएण्ड घालवा. दरवर्षी उन्हाळ्यात भरणाऱ्या 'नॅशनल' नावाच्या महाजत्रेत एकाच छताखाली इतकी जुनी कार्डं दिसतात, की शंभर फोटोंनी शिकवलं नसेल ते तासाभरात डोळ्यांना कळतं.

कार्ड घरी आलं की खरी परीक्षा आपल्या पावसाळ्याची. सुटं कार्ड असेल तर आधी मऊ, पीव्हीसी नसलेला स्लीव्ह, मग कडक होल्डर. डबा हवाबंद, आत सिलिका जेलच्या पुड्या. ओल येणाऱ्या भिंतीला लागून कपाट नको. कसर लागेल अशा जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात तर अजिबात नको. लॅमिनेशन? विचारसुद्धा करू नका. आणि उन्हात फ्रेम करून लटकवलंत तर रंग गेला म्हणून समजा.

एक कडू गोळीही घ्या. हा छंद आहे, एसआयपी नाही. २०२० आणि २०२१ मध्ये लॉकडाउनमुळे कार्डांचं असं वेड पसरलं, की मार्च २०२१ मध्ये पीएसएला साठलेल्या ढिगामुळे बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. त्या तेजीत वरच्या भावाने घेणाऱ्या अनेकांचे हात पुढच्याच वर्षी पोळले. तेव्हा गेलं तरी झोप उडणार नाही, एवढेच पैसे लावा. आणि जमवायची ती कार्डं, सिगारेटी नव्हे!

डिंक लावणारा महागुरू

शेवटी टी-२०६ला 'टी-२०६' हे नाव देणाऱ्या माणसाला भेटा. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा एक साधा कामगार. संधिवाताने सांधे आखडलेले. त्याने अमेरिकेतल्या झाडून सगळ्या छापील कार्डांची यादी केली. 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. आज ५७ कोटींच्या व्यवहारातही त्याचाच नंबर वापरतात. त्याच्या १९६०च्या यादीत वॅग्नरची किंमत होती ५० डॉलर!

बर्डिकने आपली तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील चित्रं विकली नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. आणि नुसती देऊन थांबला नाही. दुखऱ्या बोटांनी वर्षानुवर्षं तिथे बसून ती अल्बममध्ये स्वतः चिकटवली. होय, डिंकाने! जानेवारी १९६३ मध्ये काम संपवून तो तिथून निघाला आणि दोन महिन्यांत गेला. त्याने चिकटवलेल्या त्या कार्डांना आजचे ग्रेडिंगवाले किती मार्क देतील, हे आता तुम्हीच सांगा.

पहिल्या कार्डाआधीची चौकट

• एक वाट ठरवा : टीम, ब्रॅण्ड किंवा आवडता खेळाडू.
• पहिलं कार्ड ग्रेडिंग झालेलं, शंभर डॉलरच्या आतलं.
• स्लॅबचा नंबर वेबसाइटवर पडताळा.
• विकल्या गेलेल्या मालाचे भाव बघूनच बोली लावा.
• भिंग, यूव्ही टॉर्च, स्लीव्ह आणि सिलिका जेल आधीच घेऊन ठेवा.
• घडी, डाग, गोल कोपरे चालतील. लपवलेली कात्री आणि भरलेला रंग चालणार नाही.

बाकी, हप्त्याभरात ईबेवर एखादं गोल कोपऱ्यांचं पिडमाँट दिसलंच, तर जास्त विचार करू नका. आणि आईने विचारलं, 'एवढ्याशा फाटक्या पुठ्ठ्याला नऊ हजार?' तर बिनधास्त सांगा, 'आई, कलेक्टर झालो!'